तळ्यातील पाणी, खळ्यातील रास आणि त्यांचे माप

जमिनीच्या मापाविषयी आपला शेतकरी अत्यंत दक्ष असतो. बांध वीतभर सरकला तरी दोन सख्ख्या भावांत अबोला धरला जातो, मोजणी आणली जाते आणि प्रकरण तालुक्यापर्यंत जाते. लांबी आणि रुंदी यांचा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु ज्या वस्तूंना लांबी-रुंदीबरोबर खोली किंवा उंचीही असते, त्यांच्या बाबतीत हीच दक्षता क्वचितच आढळते. विहिरीचे खोदकाम, शेततळ्यातील पाणी, तळ्याच्या अस्तराचा कागद, खळ्यावरील धान्याची रास, घरातील कोठी या सर्वांचा अंदाज बहुधा नजरेने केला जातो. नजर सपाट जमिनीवर सहसा फसत नाही. खोलीच्या बाबतीत मात्र ती हमखास फसते. तिच्या चुकीची किंमत कधी पैशांत द्यावी लागते, तर कधी उभ्या झाडांत.

ही चूक केवळ शेतकऱ्यांचीच होते असे नाही. प्रस्तुत लेखकाच्या हातून ती झालेली आहे, आणि म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

एका तळ्याची हकीकत

नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. जालना जिल्ह्यातील एका गावी एका वयस्क शेतकऱ्याने मोसंबीच्या बागेसाठी शेततळे खोदले होते. वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. २०१६ साली राज्यात सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेतील हे सर्वांत मोठे माप होते. तळ्याला प्लास्टिकच्या कागदाचे अस्तर होते आणि विहिरीच्या पाण्याने जानेवारीअखेर ते काठोकाठ भरून घेतलेले होते. बागेत २०० झाडे होती. ठिबकाने प्रत्येक झाडास दररोज सरासरी १०० लिटर पाणी द्यावयाचे, म्हणजे रोजचा खर्च २०,००० लिटर.

“साहेब, हे पाणी किती दिवस पुरेल?” असे त्यांनी विचारले. मी बांधावरच हिशेब केला. तीस गुणिले तीस गुणिले तीन, म्हणजे २,७०० घनमीटर, अर्थात २७ लाख लिटर. त्यास २०,००० ने भागता १३५ दिवस आले. १ फेब्रुवारीपासून मोजले तर १५ जूनपर्यंत पाणी पुरणार, आणि तोवर पाऊस येणारच. मी मोठ्या विश्वासाने तसे सांगितले आणि त्यांनीही ते विश्वासाने ऐकले. विहिरीचे उरलेले पाणी त्यांनी उन्हाळी भुईमुगास दिले.

मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात तळ्याचा तळ उघडा पडला. अस्तर कोठेही फाटलेले नव्हते. पाझराचे चिन्ह नव्हते. ते शेतकरी मला तळ्यावर घेऊन गेले आणि एवढेच म्हणाले, “साहेब, तळ्यातलं पाणी गेलं कुठं?” त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यामुळे उत्तर देणे मला अधिकच जड गेले.

पुढील सहा आठवडे त्यांनी दररोज एक टँकर विकत घेऊन झाडांना निम्मे पाणी दिले. झाडे वाचली, परंतु आंबे बहाराची बरीचशी फळे गळून पडली. त्या पाण्याचा शोध मी नंतर कागदावर घेतला. पाणी कोणी चोरलेले नव्हते. त्यातील काही तळ्यात कधी नव्हतेच, आणि काही उन्हाने नेले होते. पहिली चूक घनफळाची होती, दुसरी पृष्ठफळाची. या दोहोंचा आता क्रमाने विचार करू.

घनफळ व पृष्ठफळ म्हणजे काय

एखाद्या वस्तूने व्यापलेली एकंदर जागा म्हणजे तिचे घनफळ. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल असा हौद घेतला तर त्यात एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाणी मावते. वस्तूच्या बाहेरील सर्व बाजूंचे मिळून होणारे क्षेत्रफळ म्हणजे तिचे पृष्ठफळ. वरील हौदाची प्रत्येक बाजू एक चौरस मीटरची आहे. झाकणासह सहा बाजूंचे पृष्ठफळ ६ चौरस मीटर होते. झाकण नसेल तर ५ चौरस मीटर.

शेतीच्या कामात या दोन मापांचा अर्थ वेगवेगळा आहे. किती पाणी, किती धान्य, किती माती हे घनफळ सांगते. किती पत्रा, किती सिमेंटचा गिलावा, किती कागद लागेल आणि किती पाण्याची वाफ होईल हे पृष्ठफळ सांगते. एकाच्या ठिकाणी दुसरे वापरून चालत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पावसाचा, ओलिताचा आणि बाष्पीभवनाचा सारा हिशेब या एका वाक्याने सुटतो. एक हेक्टर पिकास ५ सेंटिमीटरचे एक पाणी द्यावयाचे तर ५०० घनमीटर पाणी हवे. एका एकरास सुमारे २०२ घनमीटर.

उभ्या कडांचे आकार : हौद आणि विहीर

ज्या आकाराच्या कडा सरळ उभ्या असतात त्याचे घनफळ काढणे सर्वांत सोपे. तळाचे क्षेत्रफळ काढावे आणि त्यास उंचीने गुणावे. चौकोनी हौदास लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. गोल विहिरीस त्रिज्येचा वर्ग गुणिले २२/७ गुणिले खोली. शाळेच्या पुस्तकात पहिल्या आकारास इष्टिकाचिती व दुसऱ्यास वृत्तचिती म्हणतात. नावे मोठी असली तरी कृती लहान आहे.

विहिरीचा व्यास ६ मीटर असेल तर त्रिज्या ३ मीटर. तिचा वर्ग ९. त्यास २२/७ ने गुणिले असता २८.२९ चौरस मीटर. याचा अर्थ असा की, विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे २८,२९० लिटर. हा आकडा प्रत्येक विहीरमालकाने आपल्या विहिरीपुरता काढून पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. संध्याकाळी पंप बंद करताना पाण्याची पातळी मोजावी व पहाटे पुन्हा मोजावी. पातळी दीड मीटर चढली असेल तर रात्रभरात सुमारे ४२,४०० लिटर पाणी आले असे समजावे. विहिरीला पाणी किती आहे या प्रश्नाचे खरे उत्तर ती किती भरलेली दिसते यात नसून ती किती वेगाने भरते यात असते. उन्हाळी पीक घ्यावे की नाही हे या मापावरून ठरवावे.

विहिरीची खोली कोणी परसात सांगतो, कोणी फुटांत. सर्व मापे प्रथम मीटरमध्ये आणावीत. एक फूट म्हणजे ०.३०५ मीटर. अर्धी मापे फुटांत आणि अर्धी मीटरमध्ये घेऊन केलेला गुणाकार कितीही काळजीने केला तरी व्यर्थ होय.

खोदकामाचा ठराव करतानाही हे माप उपयोगी पडते. ६ मीटर व्यासाची १२ मीटर खोल विहीर खोदण्यास सुमारे ३३९ घनमीटर माती, मुरूम व खडक काढावा लागतो. व्यास ८ मीटर केला तर हाच आकडा ६०३ घनमीटर होतो. “दोनच मीटर तर वाढवायचे” असे म्हणणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही की, काम दोन तृतीयांशाहूनही अधिक वाढले. याचे कारण, घनफळ व्यासाच्या प्रमाणात वाढत नाही, तर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्यास दुप्पट झाला की खोदकाम चौपट होते. उलट विहिरीच्या आतील भिंतीचे पृष्ठफळ घेर गुणिले उंची एवढेच असल्यामुळे ते व्यासाच्या साध्या प्रमाणात वाढते. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत वरच्या ४ मीटर भुसभुशीत थरास बांधकाम करावयाचे झाल्यास आतील बाजूने सुमारे ७५ चौरस मीटर भिंत बांधावी लागेल.

उतरत्या कडांचे तळे

आता माझ्या चुकीकडे वळू. शेततळ्याच्या कडा उभ्या ठेवता येत नाहीत, माती ढासळते. म्हणून त्यांना उतार देतात. एकास एक उतार म्हणजे एक मीटर खाली गेले असता कड एक मीटर आत येते. तीन मीटर खोलीस प्रत्येक बाजूने तीन मीटर आत, म्हणजे वर ३० मीटर असलेले तळे तळाशी २४ मीटरच उरते. मी मात्र बांधावर उभा राहून वरच्या मापाला खोलीने गुणले होते. जणू ते तळे उभ्या कडांचा हौदच होता.

घरातील बादलीकडे पाहिले तर ही गोष्ट तत्काळ ध्यानात येईल. बादली वर रुंद व खाली अरुंद असते. अर्ध्या उंचीपर्यंत पाणी भरले म्हणजे अर्धी बादली भरली असे होत नाही. पाणी निम्म्याहून कमी असते. शेततळे ही एक मोठी चौकोनी बादलीच होय.

तिचे खरे घनफळ काढण्यासाठी तळ्याचे मनाने तुकडे करावेत. मधला भाग २४ मीटर लांब, २४ मीटर रुंद व ३ मीटर खोल असा सरळ हौद आहे. त्याचे घनफळ १,७२८ घनमीटर. चारही बाजूंना उताराचे चार तिकोनी तुकडे उरतात. प्रत्येकाचा आडवा छेद ३ मीटर पाया व ३ मीटर उंचीचा त्रिकोण असून लांबी २४ मीटर आहे. त्रिकोणाचे क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटर, म्हणून एका तुकड्याचे घनफळ १०८ आणि चारांचे मिळून ४३२ घनमीटर. शेवटी चार कोपरे राहतात. प्रत्येक कोपरा हा वर ३ मीटर चौरस व खाली टोकदार असा, पालथ्या पिरॅमिडसारखा तुकडा आहे. अशा टोकदार आकाराचे घनफळ तेवढ्याच पायाच्या व उंचीच्या सरळ आकाराच्या एक तृतीयांश असते. म्हणून एका कोपऱ्याचे ९ आणि चारांचे ३६ घनमीटर. सर्वांची बेरीज २,१९६ घनमीटर झाली.

माझा हिशेब २,७०० घनमीटरचा होता. फरक ५०४ घनमीटरांचा, म्हणजे पाच लाख चार हजार लिटरांचा आला. दररोज २०,००० लिटर या दराने ते पंचवीस दिवसांचे पाणी होय. ते कागदावर होते. तळ्यात कधीच नव्हते.

खोदकामाचे देयक देतानाही हाच फरक पडतो. आपल्याकडे खोदकाम ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. या तळ्याचे खरे खोदकाम सुमारे ७७६ ब्रास होते. वरच्या मापाने गुणाकार केला तर ते ९५४ ब्रास होईल. पावणेदोनशेहून अधिक ब्रासांचे पैसे केवळ गुणाकाराच्या चुकीमुळे जातात. तसेच माप खड्ड्याचे घ्यावे, बाहेर टाकलेल्या मातीचे घेऊ नये. खोदलेली माती सुटी होऊन फुगते व तिचे आकारमान पाचव्या-चौथ्या हिश्श्याने वाढते. ट्रॉलीच्या खेपा मोजून ठरविलेले खोदकाम त्यामुळे नेहमीच अधिक भरते.

भास्कराचार्यांची रीत

तुकडे करण्याची वरील पद्धत समजण्यास चांगली आहे, परंतु प्रत्येक वेळी ती वापरणे जिकिरीचे होते. यासाठी एक सुटसुटीत रीत आहे, आणि ती आपल्याच मातीतील आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथाचा लीलावती हा भाग अंकगणिताचा आहे. त्यात खातव्यवहार नावाचे एक प्रकरण केवळ खड्ड्यांच्या मापासाठी आहे आणि राशिव्यवहार नावाचे दुसरे प्रकरण धान्याच्या ढिगांसाठी. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने मठ स्थापिल्याची नोंद त्यात आहे. इतक्या मोठ्या ज्योतिर्गणितज्ञाला खड्डा आणि धान्याची रास यांचे माप सांगणे कमीपणाचे वाटले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

खातव्यवहारातील रीत अशी :

१. तळ्याच्या वरच्या तोंडाचे क्षेत्रफळ काढावे.

२. तळाचे क्षेत्रफळ काढावे.

३. वरची व तळाची लांबी यांची बेरीज करावी. वरची व तळाची रुंदी यांची बेरीज करावी. आणि या दोन बेरजांचा गुणाकार करावा.

४. तिन्ही आकड्यांची बेरीज करून तिला सहाने भागावे व खोलीने गुणावे.

आपल्या तळ्यास ही रीत लावून पाहू. वरचे क्षेत्रफळ ९००, तळाचे ५७६, चौपन्न गुणिले चौपन्न २,९१६. एकूण ४,३९२. सहाने भागून ७३२. तीनने गुणून २,१९६. तुकडे करून आलेला आकडाच पुन्हा आला. तळे चौरस नसून लांबट असले तरी ही रीत तशीच लागू पडते.

काळ्या जमिनीत माती अधिक ढासळत असल्याने उतार दीडास एक ठेवतात. मग तेच तळे तळाशी २१ मीटर राहते आणि याच रीतीने त्याचे घनफळ १,९७१ घनमीटर येते. वरून पाहणाऱ्यास दोन्ही तळी सारखीच दिसतात. पाण्यात मात्र सव्वादोन लाख लिटरांचा फरक असतो. म्हणून तळाचे माप खोदकाम चालू असतानाच, पाणी भरण्यापूर्वी, टेपने घेऊन वहीत नोंदवून ठेवावे. पाणी भरल्यावर ते घेता येत नाही.

अस्तराचा कागद किती घ्यावा

कागदाच्या बाबतीत घनफळाचा काही उपयोग नाही. येथे पृष्ठफळ हवे. कित्येकजण ३० मीटर चौरस तळ्यास ९०० चौरस मीटर कागद पुरेल असे धरतात. परंतु कागद तळ्यावर पसरावयाचा नसून तळ्याच्या आत उतरवावयाचा असतो. एकास एक उतार असता ३ मीटर खोलीस उताराची तिरपी लांबी ४.२४ मीटर होते. तळाचे ५७६ चौरस मीटर आणि चार उतारांचे सुमारे ४५८ चौरस मीटर मिळून १,०३४ चौरस मीटर हे ओले होणारे पृष्ठफळ झाले.

तेवढाच कागद मागविला तरीही तो कमी पडतो. काठावर चर खोदून त्यात कागदाची कड दाबावी लागते आणि कोपऱ्यांत घड्या पडतात. म्हणून हिशेब असा करावा : तळाची रुंदी २४ मीटर, दोन्ही बाजूंचे उतार ८.४८ मीटर आणि दोन्ही चरांसाठी एकेक मीटर धरून २ मीटर, एकूण ३४.४८ मीटर. अर्थात साडेचौतीस मीटर चौरस, म्हणजे सुमारे १,१९० चौरस मीटर कागद लागेल. अपुरा कागद ताणून बसविला तर पाण्याच्या भाराने तो प्रथम कोपऱ्यात फाटतो आणि पाझर सुरू झाल्यावर जोड देण्यासाठी तळे रिकामे करावे लागते. या जागी केलेली काटकसर अंती महाग पडते.

उन्हाने नेलेले पाणी

आता माझी दुसरी चूक. खरे घनफळ २१,९६,००० लिटर धरले तरी ते ११० दिवस, म्हणजे २० मेच्या सुमारापर्यंत पुरावयास हवे होते. मग मेच्या पहिल्या आठवड्यातच तळ का दिसला? त्याचे उत्तर पाण्याच्या उघड्या पृष्ठभागात आहे.

तळे काठोकाठ भरलेले असता पृष्ठभाग ९०० चौरस मीटर असतो. पातळी उतरत जाते तसा तो लहान होत शेवटी ५७६ चौरस मीटरवर येतो. सरासरी ७४० चौरस मीटर धरू. फेब्रुवारी ते मे या काळात दररोज सरासरी ६ मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे मानले तर रोज सुमारे ४,४०० लिटर पाणी आकाशात जाते. झाडांचे २०,००० आणि उन्हाचे ४,४०० मिळून रोजचा खर्च २४,४०० लिटर. या हिशेबाने तळे ९० दिवसांत रिकामे होते. १ फेब्रुवारीपासून नव्वदावा दिवस म्हणजे १ मे. त्या शेतकऱ्याच्या तळ्याने अगदी हिशेबानेच वागणूक केली होती. हिशेब तेवढा माझा चुकलेला होता.

बाष्पीभवन पाण्याच्या घनफळावर अवलंबून नसते, उघड्या पृष्ठभागावर असते. म्हणून जमीन व खडक अनुकूल असतील तेथे तळे पसरट करण्यापेक्षा खोल करणे हिताचे. वर २६ मीटर चौरस, तळाशी १६ मीटर चौरस आणि ५ मीटर खोल अशा तळ्यात सुमारे २,२४७ घनमीटर पाणी मावते, म्हणजे वरील तळ्याहून थोडे अधिकच. त्याचा पृष्ठभाग मात्र ६७६ चौरस मीटर, म्हणजे चतुर्थांशाने कमी असतो. अर्थात असा उतार घट्ट मुरुमातच टिकतो, हे विसरू नये. तळ्याच्या वाऱ्याकडील बाजूस झाडांची दाट ओळ लावल्यानेही वाफ कमी होते.

खोल तळ्याबरोबर एक जबाबदारीही येते. ओला प्लास्टिकचा कागद अतिशय निसरडा असतो. त्यावरून घसरलेल्या मुलास किंवा जनावरास वर येता येत नाही. तळ्याभोवती कुंपण आणि उतारावर गाठी मारलेली जाड दोरी या गोष्टी कागदाइतक्याच आवश्यक समजाव्यात.

खळ्यावरील रास

पाण्याप्रमाणेच धान्याचे. मळणी झाल्यावर रास पाहूनच उक्ता सौदा करण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. व्यापाऱ्याची नजर शेकडो राशी पाहून तयार झालेली असते. शेतकऱ्यापुढे वर्षाला एकच रास येते. अशा वेळी एक दोरी व एक काठी एवढ्या साधनांनी आपले माप आपल्याला घेता येते.

सपाट जमिनीवर ओतलेल्या धान्याचा ढीग शंकूच्या आकाराचा होतो. शंकूचे घनफळ तेवढ्याच पायाच्या व उंचीच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश असते. दोरीने राशीचा घेर मोजावा. समजा, तो ११ मीटर भरला. त्यास ४४/७ ने भागले असता त्रिज्या १.७५ मीटर येते. शेंड्यातून काठी सरळ जमिनीपर्यंत खुपसून उंची घ्यावी, ती १.१ मीटर आहे असे धरू. त्रिज्येचा वर्ग ३.०६, गुणिले २२/७, गुणिले १.१, भागिले ३. म्हणजे सुमारे ३.५३ घनमीटर.

याचे वजन काढण्यासाठी एका १० लिटर मापाच्या भांड्यात त्याच राशीतील धान्य न दाबता, काठाशी सपाट करून भरावे व वजन करावे. ते साडेसात किलो भरले तर घनमीटरला ७५० किलो झाले. या हिशेबाने राशीत सुमारे साडेसव्वीस क्विंटल धान्य आहे. हे वजनकाट्याच्या जागी घ्यावयाचे माप नव्हे. परंतु समोरचा मनुष्य वीस क्विंटल म्हणत असेल तर काटा आणविल्याशिवाय सौदा करू नये, एवढे सांगण्यास ते पुरेसे आहे. पोती किती लागतील याचाही अंदाज त्यावरून आधीच येतो.

राशिव्यवहारात भास्कराचार्यांनी याहूनही सोपी रीत दिली आहे. घेराच्या सहाव्या हिश्श्याचा वर्ग करून त्यास उंचीने गुणावे. वरील राशीस ही रीत लावली तर ३.७० घनमीटर येतात. म्हणजे शेकडा पाच इतकेच अधिक. उंची मोजण्याची सोय नसेल तर तिचेही प्रमाण त्यांनी सांगून ठेवले आहे. जाड दाण्याच्या राशीची उंची घेराच्या दहाव्या हिश्श्याइतकी, बारीक दाण्याची अकराव्या आणि कुसाच्या धान्याची नवव्या हिश्श्याइतकी धरावी. याचे कारण असे की, प्रत्येक धान्य आपल्या जातीप्रमाणे ठराविक उतारावर स्थिर राहते. वरील प्रमाणांवरून काढलेला उतार ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान येतो. धान्य ओलसर असेल तर ढीग अधिक उभा राहतो, म्हणून तेव्हा उंची प्रत्यक्षच मोजावी.

रास भिंतीला टेकून ओतली असेल तर ती अर्धा शंकू असते. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असेल तर पाव शंकू. दिसणाऱ्या घेरास अनुक्रमे दोनने किंवा चारने गुणून पूर्ण शंकूचे घनफळ काढावे व आलेल्या उत्तरास त्याच आकड्याने भागावे. कोपऱ्यातील राशीचा दिसणारा घेर पावणेतीन मीटर व उंची १.१ मीटर असेल तर पूर्ण घेर ११ मीटर, पूर्ण शंकू ३.५३ आणि रास सुमारे ०.८८ घनमीटर होईल.

धान्य कोठीत भरावयाचे तर कोठी ही वृत्तचिती होय. ९० सेंटिमीटर व्यासाच्या व १२० सेंटिमीटर उंचीच्या कोठीत सुमारे ०.७६ घनमीटर, म्हणजे पावणेसहा क्विंटलच्या आसपास धान्य मावते. ती करण्यास तळ व झाकण धरून सुमारे ४.७ चौरस मीटर पत्रा लागतो. जोडाच्या दुमडीसाठी थोडा अधिक धरावा.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. सर्व मापे एकाच एककात घ्यावीत.

२. उतरत्या कडांच्या खड्ड्याचे घनफळ वरच्या मापास खोलीने गुणून कधीही काढू नये.

३. तळाचे माप पाणी भरण्यापूर्वी घेऊन लिहून ठेवावे.

४. अस्तर, पत्रा व गिलावा यांसाठी पृष्ठफळ काढावे आणि चर, घड्या व जोड यांची तूट त्यात मिळवावी.

५. साठ्याच्या पाण्याचा हिशेब करताना बाष्पीभवन आधी वजा करावे, मग पिकास वाटावे.

६. तळे अर्ध्या खोलीवर आले म्हणजे पाणी निम्मे राहिले असे समजू नये.

हे शेवटचे कलम विशेष महत्त्वाचे आहे. ३० मीटरच्या वर सांगितलेल्या तळ्यात पाणी दीड मीटरवर आले असता ते निम्मे नसून शेकडा ४४ उरलेले असते. दोन मीटर खोली असता १३,५५,००० लिटर आणि एक मीटर असता केवळ ६,२५,००० लिटर पाणी शिल्लक असते.

त्या वर्षीचा पाऊस पडून तळे पुन्हा भरण्याच्या आत मी त्या शेतकऱ्याकडे गेलो व सारा हिशेब त्यांच्यासमोर पुन्हा मांडला. चूक माझी होती हेही सांगितले. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला व घरातून एक जाड दोरी आणविली. तळ्याचा उतार एकास एक असल्याने एक मीटर खोलीस उतारावर १.४१ मीटर लांबी येते. त्या अंतरावर आम्ही दोरीस गाठी मारल्या आणि ती काठावरील खुंटीस बांधून उतारावर तळापर्यंत सोडली. कोणत्या गाठीशी किती लाख लिटर हे त्यांच्या नातवाने पंपघराच्या दारावर खडूने लिहिले.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी दुसऱ्या गाठीवर आले तेव्हा मार्च संपावयाचा होता. त्यांनी दारावरील आकडा पाहिला, जूनपर्यंतचे दिवस मोजले आणि त्या वर्षी भुईमूग न करता विहिरीचे पाणी तळ्यात घेतले. बाग जूनपर्यंत हिरवी राहिली. दोरी अजून त्याच खुंटीला आहे. कोणी तळ्यात घसरलाच तर त्यालाही तिचा आधार आहे.